कोणती बोरी?

यवतमाळच्या एसटी स्टँडवर नुसतं ‘बोरीला जायचंय’ म्हणून भागत नाही. समोरचा लगेच विचारतो, ‘कोणती बोरी?’ दारव्ह्याकडची बोरीअरब, की पांढरकवड्याच्या पुढची, तेलंगणच्या सीमेला लागलेली पाटणबोरी? एक पश्चिमेला, दुसरी आग्नेयेला. चुकीच्या गाडीत बसलात तर दिवस गेला. शिवाय बोरगाव आहेत ते वेगळेच. आणि राळेगाव तालुक्यात बोराटी आहे. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री अवनी वाघीण मारली गेली तेव्हा हे नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकलं. बातमी वाचणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की बोराटी म्हणजे बोरीचं काटेरी झुडूप, कुंपणाला लावतात ते?

ही सगळी नावं एका झाडापासून निघालेली आहेत. तरी ‘कोणती बोरी?’ हा प्रश्न पडतोच, आणि गावांच्या नावांची निम्मी कथा त्या प्रश्नात आहे. नावाचा एक भाग गावानं ठेवलेला असतो. तो भाग झाड, पाणी, माती, खडक यांपैकी कशावर तरी बोट ठेवून मोकळा होतो. दुसरा भाग बहुतेक वेळा कचेरीनं जोडलेला असतो. कचेरीला दोन बोऱ्यांचा सारा वेगवेगळा वसूल करायचा असतो, म्हणून ती मागे कुणाचं तरी नाव, बाजार, कसबा, बुद्रुक असं काहीतरी लावते. यवतमाळ जिल्ह्याच्या नकाशावर हे दोन्ही हात अगदी स्वच्छ दिसतात.

आधी झाडं. बाभूळगाव हे तालुक्याचं गाव, त्यात फोड करायला काही उरतच नाही. केळापूर तालुक्यात नागपूर-हैदराबाद महामार्गावर करंजी आहे, त्याच तालुक्यात मोहदा आहे, राळेगावात खैरी, मारेगावात चिंचमंडळ, नेरमध्ये वटफळी आणि शिरसगाव. करंज, मोह, खैर, चिंच, वड, शिरस. वनखात्याची यादी वाचावी तशी ही गावं वाचता येतात. यवतमाळहून आर्णीकडे निघालं की हिवरी लागते, आणि महागाव तालुक्यात पूस नदी पैनगंगेला मिळते तिथे हिवरा संगम आहे. हिवर हे बाभळीच्याच कुळातलं, फिकट सालीचं झाड. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचं नाव आज राज्यभर ठाऊक आहे. त्याच्या नावातही हेच झाड आहे.

यातली बाभूळ, बोर, हिवर, खैर ही झाडं पाहा. ती घनदाट रानातली झाडं नव्हेत. मोकळ्या माळावर, ओढ्याकाठी, शेताच्या बांधावर येणारी ही काटेरी झाडं, मराठीत ज्यांना एका दमात ‘बोरीबाभळी’ म्हणतात ती. बाभूळ तर काळ्या जमिनीची खूणच. नाव ठेवणारा माणूस कुठे उभा होता ते यावरून कळतं. तो नांगर धरता येईल अशा जमिनीवर, पाण्याच्या जवळ उभा होता, आणि रानाच्या ऐन पोटात नव्हता. जिल्ह्याच्या दक्षिणेला आणि पूर्वेला, डोंगर-जंगलाच्या पट्ट्यात शिरलं, की मोहासारखी रानाची झाडं गावांच्या नावांत येऊ लागतात.

झाडाचं नाव काळाच्या ओघात झिजलं, की मग गंमत सुरू होते. उमरखेडचं उदाहरण घ्या. नवख्याच्या कानाला ते ‘उमर’ नावाच्या कुणा खानानं वसवलेलं खेड वाटू शकतं. पण या भागात उमऱ्या पुष्कळ आहेत, नागपूरकडे उमरेड आहे, मराठवाड्यात उमरगा आहे. इतक्या ठिकाणी एकच उमर कसा पोचेल? संस्कृतातला उदुंबर प्राकृतात उंबर झाला आणि बोलण्यात उमर झाला. खेड हे संस्कृत ‘खेट’वरून आलेलं, म्हणजे लहान वस्ती. उंबराजवळची वस्ती, एवढाच त्याचा अर्थ. एक नाव एकटं पाहिलं तर फसवतं. त्याची भावंडं शेजारी मांडली की खरं बोलतं. स्थलनामांच्या अभ्यासात याहून मोठा नियम नाही.

जांबची गोष्ट याहून मजेदार आहे. विदर्भात पेरूला जांब म्हणतात. पुसद तालुक्यातलं जांबबाजार ऐकून पेरूच्या बागा डोळ्यांसमोर आल्या तर नवल नाही. पण पेरू हे फळ मुळात अमेरिकेतलं. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ते आपल्याकडे आलं आणि वऱ्हाडात रुजायला आणखी वेळ लागला. जांब नावाची खेडी मात्र महाराष्ट्रभर आहेत, आणि त्यांची मुळं पेरूपर्यंत नव्हे, जांभळापर्यंत, संस्कृत ‘जंबू’पर्यंत जातात. नवं फळ आलं आणि जुन्या फळाचं नाव घेऊन बसलं. झरी-जामणी या जोडनावाच्या तालुक्यातली जामणी मला जांभळाच्याच घरातली वाटते. झरीच्या नावात पाण्याचा झरा तर उघडच आहे.

कळंबचंही असंच. कळंबचा चिंतामणी गणपती जमिनीखाली, पायऱ्या उतरून गेल्यावर दिसतो. समोरच्या कुंडातलं पाणी ठरावीक वर्षांनी वर चढतं आणि गणपतीच्या पायांना लागतं अशी श्रद्धा आहे. या गावाचं प्राचीन नाव कदंबपूर होतं आणि इंद्रानं इथे गणेशाची स्थापना केली, असं माहात्म्य सांगतं. माहात्म्य बाजूला ठेवलं तरी हाती एक गोष्ट राहते. कदंब या झाडालाच मराठीत कळंब म्हणतात. म्हणजे पुराणकारानं आणि गावकऱ्यानं एकच झाड पाहिलं, एकानं ते संस्कृतात लिहिलं, दुसरा ते मराठीत बोलला. धाराशिवकडेही कळंब आहे. तिथल्या आणि इथल्या माणसाची भेट झाली की ‘तुमचं कोणतं?’ हा प्रश्न ठरलेलाच.

झाडांनंतर पाणी. नदीचं आणि गावाचं नाव एकमेकांत मिसळलेलं असतं. पूस नदीकाठी पुसद, अरुणावतीकाठी आर्णी. पुसदला ‘पुष्पावंती नगरी’ म्हणायची हौस अनेकांना आहे आणि कार्यक्रमाच्या पत्रिकेवर ते शोभतंही. पण नदी वाहते तिचं नाव पूस आहे, पुष्पावंती नाही. वणीजवळून वाहणाऱ्या निर्गुडेला तर झुडपाचंच नाव मिळालंय. ओढ्याकाठच्या ओलीत निर्गुडी माजते हे कुठल्याही गुराख्याला विचारा.

मातीकडे येऊ. हा विषय शहरातल्या वाचकाला थोडा परका वाटेल, पण इथे खरं धन आहे. जुन्या मराठी कागदांत गावाचे दोन भाग मानलेले असत, काळी आणि पांढर. काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढर म्हणजे घरांची जागा, गावठाण. ती पांढरी का? मातीच्या भिंती पडायच्या, त्यावर नव्या उभ्या राहायच्या, चुलीची राख, शेणामातीचे थर पिढ्यान् पिढ्या साचत जायचे, आणि आजूबाजूच्या काळ्या रानात तेवढाच तुकडा उंच आणि फिक्या रंगाचा होऊन बसायचा. ही माती गाड्या भरभरून शेतात खत म्हणून टाकली जाई. तिच्यातून खापरं, मणी, क्वचित जुनी नाणी निघत. पुरातत्त्वाचे लोक नव्या गावात गेले की आधी पांढरीची टेकडी कुठे आहे ते विचारतात, ते याच कारणानं.

नेर तालुक्यातल्या शिरसगाव पांढरीच्या नावात ही पांढर सरळच आहे. पांढरकवड्याच्या नावात ती आहे का? पांढऱ्या कवड्यांची, म्हणजे होल्यांची, गोष्ट सांगणारे भेटतात. मला ती पटत नाही. पांढरा होला दिसणं ही लाखात एखादी गोष्ट. गावाची पांढर मात्र दररोज पायाखाली असते. मी पांढरीच्या बाजूनं आहे. याच गावाचा दुसरा एक घोळ आहे. तालुक्याचं नाव केळापूर, तहसील कचेरी मात्र पांढरकवड्याला. केळापूर हे जवळचं जुनं ठाणं, जगदंबेच्या देवळाचं. कारभार पांढरकवड्याला गेला, नाव मागेच राहिलं. लोकांनी आपल्या बोलण्यापुरता हा प्रश्न केव्हाच सोडवलाय. ते तालुक्यालाही पांढरकवडाच म्हणतात.

उंचवट्यांची नावंही अशीच उघड. बर्डी म्हणजे लहानशी टेकडी, बरड म्हणजे मुरमाड, हलकी जमीन. नागपूरची सीताबर्डी सगळ्यांना माहीत आहे, पांढरकवड्याकडची चालबर्डी तिचीच बहीण. बाभूळगाव तालुक्यात बेंबळा धरणाशेजारी खडक सावंगा आहे, महागाव तालुक्यात फुलसावंगी. सावंगा-सावंगी नावाची गावं विदर्भात पैशाला पासरी, म्हणून एकीला खडक चिकटला, दुसरीला फूल. ही चिकटवाचिकटवी कचेरीची नाही. तिला लोकांच्या तोंडाची चव आहे.

धंद्यावरून पडलेली नावं जिल्ह्यात तुलनेनं थोडी, पण जी आहेत ती बोलकी आहेत. यवतमाळला लागूनच लोहारा आहे. लोहारांची वस्ती, हे सांगायला कोश नको. आज तिथे एमआयडीसी आहे, म्हणजे लोखंडाशी नातं पुन्हा जुळलंय असं म्हणायचं. वणीच्या कोळसापट्ट्यात कुंभारखणी आहे. खणी म्हणजे जिथून माती खणून काढतात ती जागा. कुंभारानं मडक्यांसाठी माती उकरली, गावाला नाव पडलं, आणि पुढे त्याच नावाची कोळशाची खाण झाली. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या कागदांत कुंभारखणी हे भूमिगत खाणीचं नाव म्हणून येतं. खणायचं काम तेच राहिलं, खोली तेवढी वाढली.

आता खुद्द यवतमाळ. ‘यवताचा माळ’ ही फोड शाळेत सगळ्यांनी ऐकलेली असते, आणि शहर पठारावर असल्यामुळे ती पटतेही. पण जुने कागद दुसरं सांगतात. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलनं ‘ऐन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या परगण्यांची यादी दिली, तीत ‘योत लोहारा’ असं नाव आहे. लोहारा म्हणजे आताच सांगितलेलं शेजारचं गाव, आणि योत म्हणजे येवता किंवा यवत, शहराचं मूळ नाव. इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरनं त्यावरून असा अर्थ लावला, की गाव येवता, तो परगण्याचा मुख्य महाल, म्हणून येवता-महाल, आणि महालाचा झिजून झाला माल. इंग्रजीत ते ‘येओतमाल’ असं लिहिलं जाई आणि जुन्या कागदांवर अजून तसंच दिसतं. माळ की महाल? मी महालाच्या बाजूचा आहे, कारण त्याला लेखी आधार आहे. पण एवढ्यानं माळ खोटा ठरत नाही. फारसी महाल लोकांच्या जिभेवर टिकलाच नसता. समोर माळ होता, म्हणून कान त्याला माळ असं ऐकत गेले. अर्थ न कळणारा शब्द ओळखीच्या शब्दाच्या साच्यात बसवून घ्यायचा, ही भाषेची जुनीच खोड.

वऱ्हाडी जिभेनं त्यावर आणखी एक हात फिरवला. इथे ळ चा य होतो. डोळा तो डोया, काळा तो काया. म्हणून शहर यवतमाय, तालुका बाभुयगाव, गणपती कयंबचा. छापील मराठीनं ही नावं ‘शुद्ध’ केली तरी बाजारात ती तशीच चालतात. एखाद्या नावाचं मूळ शोधायचं तर पाटीवरचं वाचू नये, म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून ऐकावं. पण ऐकताना हा य मनातल्या मनात ळ करून घ्यावा, नाहीतर भलत्याच वाटेला लागाल.

जिल्ह्याचं नावही फार जुनं नाही. 1905 पर्यंत हा वणी जिल्हा होता. इंग्रज त्याला ‘वून’ म्हणत, आणि जिल्ह्याची कचेरी तेव्हाही यवतमाळलाच होती. केळापूरचाच घोळ, जरा मोठ्या मापात. 1905 साली वऱ्हाडच्या जिल्ह्यांची फेररचना झाली, वाशीम जिल्हा मोडून पुसद तालुका इकडे जोडला गेला आणि जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळालं.

कचेरीचा हात ओळखायचा तर नावाचं शेपूट पाहावं. बुद्रुक आणि खुर्द महाराष्ट्रात कुणाला माहीत नाहीत? फारसीतला बुजुर्ग म्हणजे थोरला, त्याचा आपल्याकडे बुद्रुक झाला. खुर्द म्हणजे धाकटा. सातबाऱ्यावर त्यांचं ‘बु.’ आणि ‘खु.’ होतं आणि मौजा कोणता ते तेवढ्या एका अक्षरावर ठरतं. गंमत म्हणजे आज खुर्दाची वस्ती बुद्रुकाच्या दुप्पट झाली असली तरी कागदावर तो धाकटाच राहतो. मग बाजाराचं शेपूट. जांबबाजार, आर्णी तालुक्यातला कवठा बाजार, राळेगावातला वाढोणा बाजार, आणि यवतमाळ तालुक्यातला अकोलाबाजार. शेवटच्या गावाला ‘बाजार’ नसता, तर टपाल अकोल्याला जाऊन परत आलं असतं. आठवडी बाजार भरणाऱ्या गावाचा मान मोठा, कारण आजूबाजूची पंधरा-वीस खेडी त्याच दिवशी तिथे येणार. कसबा हे शेपूटही तसंच. महागाव नावाचा स्वतंत्र तालुका आहे, म्हणून दारव्ह्याकडचं महागाव कसबा.

सगळ्यांत रंगतदार शेपटं माणसांची. नेर परसोपंत आणि अमरावती जिल्ह्यातलं नेर पिंगळाई. एका नेराला परसोपंतांनी ओळख दिली, दुसऱ्याला पिंगळाई देवीनं. महागाव तालुक्यातल्या काळी दौलतखानच्या नावात पहिला शब्द शेतकऱ्याचा आणि दुसरा सत्तेचा, असं सरळ वाचता येतं. बोरीअरबही तसंच. वऱ्हाडावर बहमनी, इमादशाही, निजामशाही, मोगल, निजाम आणि नागपूरकर भोसले असे एकामागून एक धनी आले. दर धन्याचा मोकासदार, जहागीरदार, कमाविसदार गावागावांत आला, काही काळ राहिला, गेला. बहुतेकांची नावं दप्तरात गाडली गेली. थोडी गावाच्या शेपटाला लटकून राहिली. आर्णी तालुक्यात सावळी सदोबा आहे. गावाच्या नावामागे असं ‘बा’चं नाव आलं, की ते बहुधा सत्तेचं नसतं, भक्तीचं असतं.

हीच रीत इंग्लंडात सापडते तेव्हा मला मोठी मौज वाटते. तिथेही गावांच्या जोड्या आहेत. लेस्टरशायर परगण्यात विग्स्टन मॅग्ना आणि विग्स्टन पार्वा, श्रॉपशायरमध्ये अॅश मॅग्ना आणि अॅश पार्वा. मॅग्ना म्हणजे थोरलं, पार्वा म्हणजे धाकटं, आणि हे दोन्ही शब्द लॅटिन. इंग्रज शेतकरी लॅटिन बोलत नव्हता, तसा वऱ्हाडी शेतकरी फारसी बोलत नव्हता. पण तिथली दप्तरं लॅटिनमध्ये आणि इथली फारसीत, त्यामुळे थोरलं-धाकटं ठरवणारा शब्द दोन्हीकडे दरबारातून आला. अॅश म्हणजे तर पुन्हा झाडच. 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि जमिनी आपल्या सरदारांना वाटल्या. स्टोक नावाची गावं तिथे ढीगभर, त्यांतल्या एका गावाला मँडव्हिल घराण्याचं नाव चिकटून ते स्टोक मँडव्हिल झालं. काळी दौलतखानची हीच तर घडण! ग्रिम्सबीसारख्या ‘बी’नं संपणाऱ्या नावांत डेन्मार्ककडून आलेल्या लोकांची वस्ती दिसते, कारण त्यांच्या भाषेत बी म्हणजे गाव. तिकडे या अभ्यासासाठी 1923 साली स्वतंत्र संस्था निघाली आणि ती परगण्यामागून परगणा घेऊन एकेका गावाची, वाडीची, शेताची जुनी स्पेलिंगं छापत आली आहे. आपल्याकडे इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावांच्या नावांवरून वसाहतीचा इतिहास लावायचा घाट घातला होता. त्यांच्या व्युत्पत्त्यांशी पुष्कळदा भांडता येतं. पण नाव हा पुरावा आहे हे त्यांनी मराठी माणसाला शिकवलं.

शेपूट लावायची वेळ अगदी अलीकडेही आली आहे. वर्ध्याजवळच्या सेगावात गांधीजी 1936 साली राहायला आले. त्यांची पत्रं बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावला जाऊ लागली. शेवटी 1940 साली गावाचं नावच बदलून सेवाग्राम केलं. आज ते नाव आदर्शाचं वाटतं, पण त्याची गरज पडली ती टपालाच्या घोळामुळे.

जुनं नाव किती टिकतं याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण शेजारच्या अमरावती जिल्ह्यातलं आहे. अचलपूरजवळ चम्मक नावाचं खेडं आहे. तिथे वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सापडला. पाचव्या शतकातला हा राजा भोजकट राज्यातलं, मधुनदीच्या काठचं ‘चर्मांक’ नावाचं गाव ब्राह्मणांना दान देतो. चर्मांक म्हणजेच चम्मक. वासुदेव विष्णु मिराशींनी वाकाटकांचे लेख 1963 साली एकत्र प्रसिद्ध केले, त्यात अशी कितीतरी गावं जमिनीवर दाखवून दिली आहेत. ज्याचं वाशीम झालं ते वत्सगुल्म हे नावही याच काळातलं. पंधराशे वर्षं, कितीतरी राजवटी, आणि गावानं आपलं नाव फक्त जिभेवर सांभाळलं. पण ताम्रपटातलं चर्मांक आणि माहात्म्यातलं कदंबपूर यांना एका मापानं मोजू नये. पहिलं नाव त्या काळात, त्या गावासाठी लिहिलं गेलं. दुसरं पुष्कळदा मराठी नाव ऐकून मागाहून संस्कृतात घडवलेलं असतं. एका गावातून पांडव जातात, दुसऱ्यात राम थांबतो, तिसऱ्यात कुण्या राक्षसाचा वध होतो. या गोष्टी सुंदर आहेत, जपाव्यात. पण त्या नावातून निघाल्या आहेत, नाव त्यांतून निघालेलं नाही. तेराव्या शतकातल्या महानुभाव पंथाच्या ‘लीळाचरित्रा’त आणि नंतरच्या ‘स्थानपोथी’त चक्रधरस्वामी जिथे जिथे उतरले त्या गावांची नावं आहेत. नावांचा शोध घेणाऱ्या मराठी माणसाला असा साठा सोन्यासारखा, कारण तिथे गाव जसं बोललं जाई तसंच उतरवलेलं आहे.

आतापर्यंतची सगळी नावं मराठीच्या डोळ्यांनी पाहिली. यवतमाळात हे पुरेसं नाही. केळापूर, घाटंजी, मारेगाव, झरी या पट्ट्यात गोंड आणि कोलाम राहतात, आणि गोंडी व कोलामी या दोन्ही द्राविडी भाषा आहेत. मरे एमेनो या भाषापंडितानं 1955 साली कोलामीवर सबंध ग्रंथ प्रसिद्ध केला. गोंडीत गावाला ‘नार’ म्हणतात. मोडी आणि इंग्रजी दप्तरात नावं उतरवणारा कारकून मराठी किंवा उर्दू कानाचा होता. त्याला जे ऐकू आलं ते त्यानं ओळखीच्या साच्यात घातलं, येवता-महालाचं यवतमाळ झालं तसंच. म्हणून या पट्ट्यातल्या नावाला झटकन मराठी अर्थ लावण्याआधी गोंडी जाणणाऱ्याला विचारावं. कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात, आणि गावाच्या नावापुढे कंसात ‘पोड’ असं लिहायची पद्धत आहे. बंजाऱ्यांचा तांडा, त्याला पुष्कळदा नाईकाचं नाव. पुसद, दिग्रस, महागाव, आर्णी या बाजूला असे तांडे ठायी ठायी आहेत. पुढे मुख्यमंत्री झालेले वसंतराव नाईक 1913 साली जन्मले ते पुसदजवळच्या गहुलीचे. पोड आणि तांडा ही वस्ती फिरती होती तोवर नाव माणसाबरोबर फिरायचं. महसूल नोंदीत गेल्यावर ते जागेला खिळलं. नाईक गेले, नातू पणजोबा झाले, तांडा अजून त्याच नाईकाचा.

आणि काही नावांना गावच नाही. तलाठ्याच्या नकाशात असे मौजे सापडतात, जिथे शेतं आहेत, सर्व्हे नंबर आहेत, सारा आहे, पण घर एकही नाही. आपल्याकडे त्याला रिठ म्हणतात, सरकारी शब्द बेचिराख. दुष्काळ, पटकी, पेंढाऱ्यांची धाड, नाहीतर नुसतं पाणी आटणं, यांपैकी कशानं तरी लोक उठले आणि शेजारच्या गावात जाऊन बसले. रिठावर बहुधा एखादा मारुती असतो, चिंचेचं जुनं झाड असतं, नांगराला खापरं लागतात. पुढे धरणांनी नवी रिठं केली. बेंबळा आणि इसापूरच्या पाण्यात गावठाणं गेली. लोक वर सरकले आणि नाव सोबत घेऊन गेले, त्याला ‘पुनर्वसन’ हे नवं शेपूट लागलं. परसोपंत आणि दौलतखानांच्या रांगेत आता पाटबंधारे खातं येऊन उभं राहिलं.

काही नावं बदलायलाच हवी होती. डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारनं जातीवाचक वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय घेतला. जातीच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या वाड्या-वस्त्यांची ती नावं कागदावरून जाऊन तिथे दुसरी यावीत, हे योग्यच झालं. ज्याला पत्ता सांगताना मान खाली घालावी लागते त्याच्यावर इतिहास जपायची जबाबदारी टाकता येत नाही. जुनी नोंद दप्तरात राहू द्यावी म्हणजे अभ्यासकाचंही भागतं.

पण बदलण्यापेक्षा विसरण्यानं जास्त नावं जातात, आणि ती सगळ्यांत लहान असतात. इथे शेताला वावर म्हणतात, आणि प्रत्येक वावराला नाव असतं. चिंचेचं वावर, बरडाचं वावर, नाल्यावरचं, मसणाजवळचं, मोहाखालचं. सातबाऱ्यावर त्यांचा फक्त गट नंबर आहे. चिंच तोडली गेली, वावराची वाटणी झाली, धाकटा भाऊ पुण्याला गेला, की नावाचा धनी एखादी म्हातारी उरते. तुमच्या गावाच्या नावाचा खरा अर्थ हवा असेल तर आधी ही वावरांची नावं गोळा करा. गावाचं नाव याच रीतीनं, याच शब्दांतून घडलेलं असतं. मग तलाठ्याकडचा गावनकाशा पाहा, 1908 सालच्या जिल्हा गॅझेटियरमध्ये तुमचं गाव कसं लिहिलंय ते शोधा, त्याच नावाची दुसरी गावं कुठे कुठे आहेत त्यांची यादी करा. आणि या दिवाळीत गावी जाल तेव्हा वही घेऊन आजीजवळ बसा. वावर, नाला, टेकडी, रिठ, एकेकाचं नाव ती म्हणेल तसंच उतरवून घ्या, य ला ळ न करता.